डॉक्टरांनी सांगितलेली थंडी

मायला थंड खोलीत ठेवा, असं कुठलाही डॉक्टर कधी बोलला नव्हता. ते मी बोललो होतो. हे आजपर्यंत बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, नाशिकच्या दादाला तर नाहीच नाही. आणि मायलाही माहीत नाही. न बोललेल्या डॉक्टरचं ऐकून तिनं मुलुंडचा अख्खा उन्हाळा स्वेटर घालून काढला.

खोटं बोललो ते वीतभर लांबीच्या एका प्राण्यासाठी. ॲक्सोलॉटल त्याचं नाव. पाण्यात राहतो, चार पाय आहेत, रंग गुलाबी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, आणि जिवणी अशी की कायम हसतोय असं वाटावं. माझ्या मुलीनं कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तो घाटकोपरच्या एका दुकानातून आणला. आणला डिसेंबरात. डिसेंबरात मुंबईत सगळंच जगतं. दुकानदारानं तिला सांगितलं, साध्या पाण्यात राहतो, रोज गांडूळ टाका, बस. हा प्राणी मूळचा उंचावरच्या गार तळ्यातला आहे, पाणी विसाच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात आणि मार्चमध्ये आपल्या हॉलमधलं पाणी तिसाला टेकतं, एवढं सांगायला त्याच्या बापाचं काय जात होतं, मला कळत नाही.

मार्चमध्ये मी स्वतः गेलो त्याच्याकडे.

"अंकल, माल विकला म्हणजे विकला."

"माल नाही रे तो. जिवंत आहे. खात नाहीये."

"पंखा लावा ना मग टाकीवर. नाहीतर चिलर घ्या."

पाणी थंड करणारं ते यंत्र त्यानं मला दाखवलं. आमच्या फ्रिजपेक्षा महाग होतं. मी किंमत पुन्हा एकदा विचारली, तेव्हा त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं. त्या बघण्याचा राग माझ्या मनात अजून जसाच्या तसा आहे.

मुलगी फोनवर असे प्राणी पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये होती. तिथं तिनं विचारलं, कमी खर्चात पाणी थंड कसं ठेवायचं. एकानं उत्तर दिलं की चिलर परवडत नसेल तर पाळू नये, हा क्रूरपणा आहे. खाली पन्नासेक जणांनी पसंतीचे अंगठे दिले होते. ज्यांच्या घरात चार खोल्यांना चार ए.सी. आहेत त्यांनी माझ्या लेकीला क्रूर म्हणावं, याचा मला इतका संताप आला की त्या दिवशी ऑफिसात कोणाशी धड बोललो नाही. त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. राग त्याचाच जास्त होता.

टाकीवर पंखा लावून बघितला, पाणी उतरलं नाही. मग आम्ही आमच्या पद्धतीनं सुरू केलं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या, गोठल्या की टाकीत सोडायच्या, वितळल्या की बदलायच्या. फ्रीजर बाटल्यांनी भरला. मटार गेले, बोंबील गेले, बर्फाचा ट्रेसुद्धा गेला.

"अहो," बायको म्हणाली, "या घरात एवढा बर्फ आहे, पण सरबतात टाकायला एक खडा नाही."

"बाटली फोड."

"तुमच्या जावयाची बाटली मी कशी फोडू?"

तेव्हापासून ती त्याला जावई म्हणायची. मुलगी चिडायची, पण हसायचीही.

बाटल्यांनी पाणी थंड व्हायचं खरं, पण दिवसभर आम्ही तिघंही बाहेर. संध्याकाळी येईपर्यंत पाणी पुन्हा कोमट. वर-खाली, वर-खाली. त्या प्राण्याला उष्णतेपेक्षाही हा झोका वाईट. त्याचे कल्ले पुढे वाकले, शेपटीचं टोक वळलं, समोर धरलेलं गांडूळ तो बघायचाही नाही.

एप्रिलमध्ये माय आली. आमच्याकडे पाळी ठरलेली आहे. जयंतीला ती मुंबईत येते, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आमच्या इथल्या मिरवणुकीत चालते आणि मग धम्मचक्र दिनापर्यंत माझ्याकडे राहते. तिथून पुढे दादाकडे नाशिकला. गाव आमचं वाशीमकडचं. बाप गेल्यावर तिथलं घर बंद केलं, पण बोली आणि ऊन ती सोबत घेऊन फिरते. पंचेचाळीस डिग्रीत कडब्याची गंजी रचलेली बाई. मुंबईचा उन्हाळा तिला उन्हाळा वाटतच नाही.

टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "हे पाल काऊन पान्यात ठेवली वं?"

मुलीनं तिला सगळं समजावलं. मायनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"बाबू, रांजनाले काय करत होतो आपन?"

मला एकदम आठवलं. अंगणातला रांजण, त्याला गुंडाळलेलं ओलं गोणपाट, आणि भर वैशाखात दात शिवशिवतील असं पाणी. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही याची लाज वाटली आणि थोडा माजही आला. त्या चिलरवाल्यांना आता दाखवतो म्हटलं. किराणावाल्याकडून गोणपाट आणलं. मायनं ते स्वतः धुतलं, टाकीभोवती गुंडाळलं, सुतळीनं बांधलं. दिवसभर ती घरी असायची, तासातासाला उठून त्यावर पाणी शिंपडायची.

पाणी एक डिग्रीनंही उतरलं नाही.

उतरणार कसं? रांजण मातीचा, तो अंगातून पाझरतो. काच पाझरत नाही. आणि वाशीमची हवा कोरडी, ओल्या गोणपाटावरचं पाणी ती घटाघटा पिते. मुलुंडची हवा आधीच ओली, ती आणखी काय पिणार? बी.एस्सी. झालेला माणूस आहे मी. फॅक्टरीच्या क्वालिटी विभागात रोज आर्द्रतेचे आकडे लिहितो. तरी गावचं गोणपाट मुंबईच्या काचेला बांधून आठवडाभर मिशीला पीळ देत बसलो. गोणपाटाला कुजका वास सुटला तेव्हा सोडलं. मायनं सुतळी गुंडाळून ठेवली. तिचं गाव इथं खोटं ठरलं, एवढंच तिला दिसलं असेल.

त्याच आठवड्यात त्याच्या कल्ल्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी धरलं. बुरशी. मुलगी रडली नाही. टाकीसमोर पाट घेऊन बसली आणि परीक्षेचं पुस्तक मांडीवर तसंच मिटलेलं राहिलं. बापाला बघवत नाही असं काही असतं. ती मला एकदाही म्हणाली नाही, पप्पा, चिलर घ्या. म्हणाली असती तर मी ओरडलो तरी असतो.

आणि त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

मायला सकाळी मी गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं होतं, नेहमीच्या तपासणीला. ते म्हणाले होते, बीपी ठीक आहे, मीठ कमी करा, चालत राहा. दादानं विचारलं, "काय म्हणाले रे डॉक्टर?" माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात टाकीतून काढलेला थर्मामीटर. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "उष्णता सहन होत नाहीये म्हणाले. थंड जागेत ठेवायला सांगितलंय."

एवढंच. ठरवून बोललो नव्हतो, ही सबब मी स्वतःलाही द्यायचं आता बंद केलंय. कारण दादा म्हणाला, "मग ए.सी. पाठवतो," तेव्हा मी "अरे, कशाला," असं फक्त एकदाच म्हणालो. सहसा मी तीनदा म्हणतो.

दादाबद्दल सांगायला हवं. सरकारी नोकरीत मोठ्या पदावरून निवृत्त झाला. माणूस वाईट नाही. पण त्याला वस्तू देता येतात, वेळ देता येत नाही. मायची आठवण आली की तो काहीतरी पाठवतो. मालिश करणारं मशीन, पाय बुडवायचा टब, आता ए.सी. प्रत्येक वस्तू आली की फोन: "आला का? लावला का? माय काय म्हणाली?" वीजबिल माझं असतं, हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आणून द्यायला मला जमत नाही. कारण तो मोठा आणि मी मुंबईत राहून मोठा न झालेला.

ए.सी. लागला मायच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी मी टाकी तिथं हलवली.

"आजीला चालेल ना?" मुलीनं विचारलं.

"डॉक्टरांनीच सांगितलंय तिला थंडीत ठेवायला. उलट सोबत होईल दोघांना."

रिमोटवर मी वीस लावले. पाणी दोन दिवसांत विसावर आलं आणि तिथंच राहिलं. आठवड्यानं बुरशी झडली. त्यानं गांडूळ खाल्लं, असं हिसका देऊन खाल्लं की मुलगी ओरडतच स्वयंपाकघरात आली. बायकोनं त्या दिवशी शिरा केला. जावई जेवला म्हणून. आम्ही सगळे हसत होतो आणि आतल्या खोलीत माय खांद्यावरून शाल घेऊन बसली होती.

डॉक्टर हा शब्द मायसाठी काय आहे, हे मला माहीत होतं. तिच्या पहिल्या दोन लेकरांना डॉक्टर मिळाला नव्हता. तालुक्याला नेईपर्यंत गेली. तेव्हापासून डॉक्टरनं सांगितलेलं तिनं कधी मोडलं नाही. गोळी जेवणानंतर म्हटली की जेवणानंतरच, भले जेवण दुपारी तीनला होवो. त्यामुळे रिमोटला तिनं कधी हात लावला नाही. तो तिच्या उशाशी असायचा. सगळ्या घरात मला जास्त राग कशाचा येत असेल, तर तिच्या त्या आज्ञाधारकपणाचा यायचा. उठून बंद केला असता तर मी सुटलो असतो.

"बाबू, डॉक्टरले एकडाव इचार ना," ती म्हणायची. "म्हनावं, म्हातारीचं रगत गोठून रायलं."

"माय, सवय होईल."

"होते म्हना. मानसाले कायचीबी सवय होते."

तिचं गोधडीचं काम होतं. जुन्या साड्या, धोतरं एकावर एक घालून दाट टाके घालायची. उन्हाळ्यात एक पुरी करायची, हा तिचा नेम. त्या वर्षी मे महिन्यात तिच्या बोटांना सुई धरवेना. दोरा ओवायला मुलीला हाक मारायची, मग ओवलेली सुईही तशीच टोचून ठेवायची. जूनपासून गोधडी अर्धीच अंगावर घेऊन बसू लागली. अर्धी शिवलेली, अर्धी नुसती साड्यांची चवड, टाचण्या लावलेली. मी विचारलं, टोचत नाही का. म्हणाली, "टोचते. पन गरम हाय."

ती दार उघडं ठेवायची, बाहेरची ऊब आत यावी म्हणून. आणि मी जाता-येता ते लावायचो. "माय, दार लाव. थंडी जाते." एकदा चढ्या आवाजात म्हणालो. ती गडबडीनं उठली, लावलं. हा आवाज मी आता विसरू शकत नाही. माझा नाही, त्या दाराच्या कडीचा.

टाकीशी ती बोलायची. एकदा दाराबाहेरून ऐकलं. "काऊन रे पाली, तुलेबी डॉक्टरनं सांगतलं का बाप्पा?" मी तसाच मागे फिरलो.

बायकोनं एकदा तिचे पाय चेपताना माझ्याकडे बघितलं. "अहो, आईंचे पाय बर्फ झालेत."

"डॉक्टर म्हणालेत ना."

ती बाजारातून लोकरीचे मोजे घेऊन आली. बस. आणि बाकीच्यांचं तर विचारूच नका. दादा एका रविवारी आला, ए.सी.खाली हात वर करून उभा राहिला, म्हणाला, "गारेगार. माय, मजा आहे तुझी." शेजारच्या काकू म्हणाल्या, आजींनी नशीब काढलं. भांडुपला भाचीच्या लग्नात चार माणसांत माझं कौतुक झालं, आईला ए.सी.त ठेवणारा मुलगा म्हणून. मी मान खाली घालून ऐकलं, लोकांना तो नम्रपणा वाटला. संताप याचा येतो की एवढ्या माणसांत, जे मायच्या डोक्यावर कानटोपी बघत होते, एकानंही तिला सरळ विचारलं नाही, म्हातारे, तुला थंडी वाजते का. ए.सी. आहे म्हटल्यावर माणूस सुखी असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. माझं खोटं मी एकट्यानं चालवलं नाही. अख्ख्या गोतावळ्यानं त्याला खांदा दिला. पण पहिलं खोटं माझं, हे त्यानं बदलत नाही.

ऑक्टोबरात माय नाशिकला गेली. मी स्वतः सोडायला गेलो. तिच्या खोलीत पाऊल टाकलं आणि चेहऱ्यावर गार झोत आला. दादानं नवा ए.सी. लावून ठेवला होता.

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर मी माझं डोकं कशाला चालवू?" तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

मायनं पिशवी खाली ठेवली, वर बघितलं आणि पिशवीतून स्वेटर काढला. तेव्हा बोलायचं होतं. वहिनी चहा घेऊन आल्या, दादा ए.सी.चे गुण सांगत होता, आणि मी बिस्किट चहात बुडवून खाल्लं. "तुझा ए.सी. मी पालीसाठी चालवला," हे वाक्य दादासमोर उच्चारायची मला हिंमत झाली नाही. त्यानं आयुष्यभर ते जपून ठेवलं असतं.

दिवाळी उलटली. नाशिकला थंडी पडायला लागली. फोनवर माय म्हणाली, "तो तुह्या मुंबईचा डॉक्टर लय दूर पोचला रे बाबू. इथंबी सोडत नाही."

इकडे मायची खोली रिकामी होती आणि ए.सी. चालूच होता. मग मुलीनं एक दिवस रिमोट सव्वीसवर नेला. बिल वाचवायला, म्हणाली. टाकीचं झाकण काढून जाळी टाकली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एक लहान पंखा तिरका लावला. मी म्हटलं, हे आपण मार्चमध्ये करून बघितलंय, काही होत नाही. ती म्हणाली, "पप्पा, तेव्हा हवा दमट होती. आता ए.सी.नं कोरडी झालीय. आजीचं गोणपाट आठवतंय ना? तेच आहे हे."

दुसऱ्या दिवशी थर्मामीटर वीस दाखवत होता. तिसऱ्या दिवशीही. टाकीतलं पाणी थोडं थोडं उडून जायचं, ती रोज वर ओतायची. तो प्राणी तळाशी निवांत पसरलेला.

सव्वीस. सव्वीसमध्ये माय साध्या लुगड्यावर बसली असती. गोधडी पुरी केली असती. गोणपाटाची गोष्ट तिनंच काढली होती, मी तिचा अर्धाच भाग घेतला, आणि उरलेलं काम तिच्या हाडांकडून करून घेतलं. मला आर्द्रता मोजायचा पगार मिळतो. मी त्या खोलीत उभा राहून स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत.

लगेच दादाला फोन लावला. खरं सांगायचं या तयारीनंच लावला. त्यानं उचलला, म्हणाला, "बोल, माय ठीक आहे, ए.सी. चालू आहे." आणि माझ्या तोंडून आलं, "दादा, डॉक्टर भेटले होते. म्हणाले, आता गरज नाही. उलट ऊब लागेल तेवढी चांगली. उन्हात बसवा म्हणाले."

"असं म्हणाले? लेखी काही दिलंय?"

"तोंडी."

"बरं. मग बंद करतो."

त्या डॉक्टरांना मी दुसऱ्यांदा बोलायला लावलं. माय त्या दिवसापासून नाशिकच्या गच्चीवर उन्हात बसते. ऊन मिळालं, खरं नाही मिळालं. संध्याकाळी तिचा फोन आला, आवाज मोकळा होता. "डॉक्टर शाना झाला म्हनायचा," ती म्हणाली. मग विचारलं, "पाल कशी हाय?" मी म्हटलं, मजेत आहे.

मागच्या महिन्यात दादा कामासाठी मुंबईला आला तेव्हा त्यानं एक गाठोडं दिलं. मायनं पाठवलं होतं. सोडलं तर आत गोधडी. पुरी केलेली, चारी बाजूंनी काठ घातलेली, टाके असे दाट आणि एकसारखे की त्या बोटांना पुन्हा ऊब आलीय हे हात फिरवल्यावर कळावं.

"तुझ्यासाठी नाही हं," दादा म्हणाला. "डॉक्टरसाठी आहे. माय म्हणाली, त्यानं म्हातारीचं ऐकलं, त्याला नेऊन दे."

बायको म्हणाली, किती छान, उद्याच देऊन या. मी हो म्हटलं. ती अजून कपाटावर आहे. डॉक्टरांना देऊ शकत नाही, कारण त्यांनी काही केलेलं नाही. अंगावर घेऊ शकत नाही. मुलीनं दोनदा विचारलं, पप्पा, दिली का. मी दोन्ही वेळा वेगवेगळं कारण सांगितलं. म्हणजे पहिल्या खोट्याला पिल्लं होणं थांबलेलं नाही.

माय जयंतीला येईल. तिच्या खोलीत टाकी असेल, ए.सी. सव्वीसवर असेल, दार तिला हवं तर उघडं राहील. हे सगळं मी केलंय, पण यानं काही फिटत नाही. गोधडी तिच्या हातात परत देऊन, दादा, बायको आणि मुलगी समोर असताना, तिला एक वाक्य सांगायचं देणं मी लागतो: माय, डॉक्टर असं कधी बोललेच नव्हते, मी बोललो होतो.